चित्र दिसलं नाही तर

फैजपुरात आमचा छापखाना होता तेव्हा
फोटोला वजन असायचं.
जळगावहून ब्लॉक यायचा एस.टी.च्या पार्सलात,
जस्ताचा पत्रा, खाली सागाचा ठोकळा, चार चुका,
आणि पत्र्यावर कुणा उमेदवाराचं उलटं तोंड.
नाना तो तळहातावर तोलून म्हणायचे,
माणूस वजनदार आहे, उधारी देऊ नका.

आता माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी,
तांदळाएवढा बाण बसलेला असतो.
लोकेश फेगडेनं बसवून दिला.
"आत्या, फोटो ओढायचा, बाणावर सोडायचा.
टुण्‌ वाजलं का समजायचं, गेला.
मंग त्याचा पत्ता मजकुरात चिकटवायचा."
गेला म्हणजे कुठे?
"सर्व्हरवर."
तो कुठे असतो?
लोकेशनं वर पंख्याकडे पाहिलं.
"थंड जागी. आपल्याकडं नाही टिकायचा."

मे महिना. भुसावळ सत्तेचाळीसवर.
मी लिहीत होते गेलेल्या अवजारांबद्दल
आणि ती एकेक करून पाठवत होते.
टुण्‌. तिफणीचं चाडं गेलं.
टुण्‌. शेवयांचा पाट.
टुण्‌. मोटेचा नाडा, अख्खा,
तांदळाएवढ्या भोकातून.
केळीचा ट्रक सत्त्याण्णव टक्क्यांवर होता
आणि लाइट गेली.
मागची दोन चाकं राहिली इथेच, सावद्याच्या नाक्यावर.

दर फोटोला एक चौकट विचारायची:
चित्र दिसलं नाही तर काय दिसावं?
मला घाई असायची.
फोटो एक, लिहायचे मी. फोटो दोन. फोटो तीन.
कंटाळा आला की, वरीलप्रमाणे.

एका रात्री मात्र झोप नव्हती, इन्व्हर्टर होता,
आणि रमजानभाईंचा फोटो सापडला.
चौकटीत मी लिहीत बसले:
रमजानभाई तडवी, कंपोझिटर.
डाव्या हातात स्टिक. उजव्या अंगठ्याचं नख मशीननं नेलेलं.
लग्नपत्रिका चालू आहे, केसमधले ळ संपलेत,
जयगावच्या व्याह्यांना य लावून टाकू म्हणतात,
हसतात,
आपल्याकडं ळ बोलतंच कोण.

फोटोत यातलं काय होतं?
एक माणूस. हातात काहीतरी.

पुढच्या दिवाळीनंतर ती कंपनी मिटली.
एक पत्र पाठवलं होतं म्हणे त्यांनी,
साड्यांच्या जाहिरातींत पडून राहिलं.
मी फाइल उघडली तर पानोपानी राखाडी चौकोन,
कोपरा दुमडलेला, आत बारीक अक्षरात
फोटो एक.
फोटो दोन.
वरीलप्रमाणे.
आणि वर काही नाही.
साठाव्या पानावर तेवढे रमजानभाई उभे,
नख नसलेला अंगठा, ळ नसलेली केस, सगळं जागच्या जागी.

लोकेश आला. कान धरले त्यानं, स्वतःचेच.
"आत्या, कायजी करू नको. हे नवं पक्कं आहे, पैसे घेतं."
नवा बाण हिरवा आहे. आवाज जरा घोगरा.
मी म्हटलं, थांब.
चाड्याचं लिहून व्हायचंय अजून.
तळाशी भोकं किती होती आणि बी सोडताना
बाईची मूठ कशी कण्हायची नाही पण कणकण उघडायची,
ते मला जमत नाहीये. आठ दिवस झाले.

तो डबे हुडकत होता, जुने फोटो मिळतात का म्हणून.
बिस्किटाच्या डब्यात ब्लॉक सापडला.
"हा बॅकअप का?"
हो, म्हटलं. पुसला नाही, मिटला नाही,
पन्नास वर्षं कुणाला पैसे मागितले नाहीत.
"कोण आहे?"

मी ठोकळा हातावर तोलला. नानांसारखा.
नाकाशी नेला, शाईचा वास थोडा होता.
उजेडात तिरपा धरला, आरशासमोर धरला.
पडलेला माणूस असावा. निवडून आलेले
आपले ब्लॉक परत घेऊन जायचे.

लोकेशनं मोबाइलवर फोटो काढला, ओढला, सोडला.
चौकटीनं विचारलं.
मी लिहिलं:
माहीत नाही. टोपी आहे.
चार चुकांपैकी एक पडलेली.