साडेपाच तास

मामाकडे रामकुंडावर वह्या होत्या, लाल कापडात बांधलेल्या.
यजमान आला की आधी गाव, मग आडनाव,
मग कुठल्याशा पानावर त्याचा पणजा सही करून बसलेला.
मला एकच ताकीद:
वाच, पण थुंकी लावून पान उलटू नकोस.
मूळ पानाला तुझं बोट कळता कामा नये.

तेवढ्यावर मी इथवर आले.

ही डबी तळहाताएवढी.
एका बाजूला मुद्देमाल, दुसऱ्या बाजूला माझं यंत्र.
डिस्कमधलं सगळं इकडे येऊ देते,
इकडून तिकडे टिंबही जाऊ देत नाही.
साहेब तिला राइट ब्लॉकर म्हणतात.
मी मनात मामा म्हणते.

हवालदार दराडे पाकीट ठेवतात. मी लाख तपासते, सही जुळवते.
अंबडची पतसंस्था, ठेवींच्या खात्यात फेरफार.
आरोपी सुलभा गांगुर्डे, लिपिक, वय बेचाळीस.
सोबत कुणा खासगी तज्ज्ञाचा अहवाल:
फाईल बदलली दोन वाजून पाच मिनिटांनी,
त्या वेळी खुर्चीत बाई एकट्याच.
अहवाल दोन पानांचा. बाई अकरा दिवस कोठडीत.

नक्कल निघायला रात्र जाते.
मूळाचा ठसा चौसष्ट अक्षरांचा, नकलेचाही.
यंत्राने जुळवलेत, तरी मी बोट ठेवून जुळवते.
आत कुठे एक अनुस्वार सरकला असता
तर ठशाने ओळखही दाखवली नसती.

मग सुलभाबाईंना भेटते,
म्हणजे त्यांनी पुसलेल्या गोष्टींना.
रामकुंडात अस्थी विरतात म्हणतात. विरत असतील.
इथे नुसती दारावरची पाटी निघते,
नवा भाडेकरू येईपर्यंत जुन्याचं सामान आत तसंच.
मुलाचा आयटीआयचा अर्ज, तीनदा भरलेला.
राजीनाम्याचं पत्र, "महोदय" वर थांबलेलं.
उडदाच्या पापडांचा हिशेब: किलोमागे नफा नऊ रुपये.
गुन्ह्याशी संबंध नाही. बंद करते.
नऊ रुपये डोक्यात राहतात.

चौथ्या दिवशी, चहावर साय धरताना,
लक्षात येतं की डिस्क पोटात ग्रीनिचची वेळ बाळगते.
दोन पाच, त्यात साडेपाच तास.
बोटांवर मोजते, चौथीतल्या मुलीसारखी.
सात पस्तीस. संध्याकाळचे.

संगणकाचं घड्याळ धड होतं का, तेही बघते. चार सेकंदांचा फरक.
हजेरीच्या यंत्रावर बाईंचा अंगठा सहा वाजून दोनला बाहेर पडलाय.
सात एकतीसला कुणीतरी पेनड्राइव्ह खोचला,
त्याचा क्रमांक नोंदीत राहून गेला.
हा क्रमांक मी कुठेतरी पाहिलाय.

मुद्देमाल म-चार. चेअरमनच्या घरून जप्त, कुणी उघडलाच नाही,
कारण चिठ्ठीवर लिहिलंय: पूनमचं लग्न.
लग्न आहेच. सत्तेचाळीस मिनिटं.
नवरदेव घोड्यावरून उतरायला तयार नाही.
आणि त्या वरातीखाली, पुसलेल्या जागेत,
ठेवींच्या खात्याची जुनी प्रत.

लगेच कुणाला सांगत नाही.
दुसऱ्या अवजाराने सगळं पुन्हा पहिल्यापासून.
अवजारं चुकतात, आणि मला आता बाई आवडू लागल्यात,
हेही एक चुकण्याचंच कारण.
दुसरंही सात पस्तीसच म्हणतं.

"निर्दोष" हा शब्द माझ्या नमुन्यात नाही.
लिहिते: सदर फाईल भारतीय प्रमाणवेळेनुसार
१९.३५ वाजता बदलल्याचे आढळून आले.

"म्हणजे मॅडम, बाई सुटणार?" दराडे विचारतात.
"म्हणजे सात पस्तीस," मी म्हणते.

ते पाकीट घेतात. सही करतात, तारीख टाकतात.
वेळेच्या रकान्याशी अडतात. मनगटाकडे बघतात, मग भिंतीकडे.
भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, साहेबांच्या सोयीने.
"कुठली लिहू?"