वाळा

नवतपा लागून तीन दिवस झाले.
भर दुपारी सक्करदऱ्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही,
डांबर चप्पल सोडत नाही,
आणि मी कपाट काढलंय आवरायला.
लाईट गेली की माणसाला काहीतरी सुचतंच.

कोट निघाला.
सीताबर्डीवर तिबेटी बाईकडून घेतलेला.
उणे एकोणीसला चालेल का, विचारलं
तर ती हसली होती,
तिनं कधीच न पाहिलेलं एक गाव
होतं त्या हसण्यात.

चालला नाही.
रिगाच्या विमानतळावर भोजराजनं मला वरून खाली पाहिलं :
"काऊन बे, लग्नाला आला का?"
आणि अंगातला काढून माझ्यावर टाकला,
बसस्टॉपपर्यंत स्वतः नुसत्या स्वेटरवर
उड्या मारत आला.

भोजराज इतवारीत कूलर बनवायचा.
त्याच्या पत्रा कापण्यावरून गल्लीला कळायचं,
होळी झाली, आता तापणार.
तिकडे तो लोकांचे हीटर दुरुस्त करतो.
"धंदा तोच आहे," म्हणाला,
"हवा तेवढी बदलली."

बर्फ मला ठाऊक होता :
सायकलच्या कॅरियरवर, भुशात, गोणपाटात,
घरी येईस्तोवर अर्धी झालेली लादी.
त्याला आवाज नसतो हे ठाऊक नव्हतं.
सकाळी खिडकी उघडली तर
कोणी शहराच्या तोंडावर हात ठेवला होता
आणि काढत नव्हतं.

इल्झे मला नदीवर घेऊन गेली. नदीकाठी नव्हे, नदीवर.
म्हातारे स्टुलं टाकून बसलेले,
भोकात गळ सोडून, मधल्या धारेत.
मी काठावरच थांबलो.
अंबाझरीवर चालायला सांगितलं असतं तर चाललो असतो का?
इल्झेला मराठीतला एकच शब्द येतो, "हौ".
"बुडणार तर नाही ना?" मी विचारलं.
"हौ," म्हणाली, आणि हात धरून ओढलं.

त्यानं संत्रा बर्फी मागितली नव्हती,
सावजी मसालाही नाही.
वाळा आण म्हणाला होता, दोन किलो, जुना नको.
विमानतळावरच्या साहेबानं पिशवी हुंगली,
माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगली,
आणि का कोण जाणे, जाऊ दिलं.

रात्री भोजराजनं जाळीत वाळा भरला,
तारेनं आवळला, हात विसरला नव्हता.
बादलीत बुडवून हीटरसमोर उभा केला.
आधी नुसती वाफ.
मग खोलीत मे महिना आला
आणि भिंतीला टेकून बसला आमच्याबरोबर.
बाहेर दिव्याखाली बर्फ पडतच होता.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"बाबाला उचललं तेव्हा कूलर चालू होता?"
चालू होता.
यानंच बनवलेला, निळा, एक चाक तुटकं.
याचे कागद अडकले होते तिकडे,
आणि त्या उन्हात थांबायचं तरी किती?
"मग बंद कोणी केला?"

मला आठवत नाही. कोणीतरी केलाच असेल.
मी म्हटलं, "मी."
त्यानं मान हलवली
आणि उठून वाळ्यावर तांब्याभर पाणी टाकलं.
इल्झे त्याच्याकडे बघत होती. काहीच बोलली नाही,
हौसुद्धा नाही.

कोटाच्या खिशात खडी निघाली, मूठभर.
घसरू नये म्हणून टाकतात तिकडच्या रस्त्यांवर,
नदीवरून येताना बुटातून काढली असेल.
मोगऱ्याच्या कुंडीत टाकायला उठलो,
तेवढ्यात लाईट आली.
कूलर खोकला, हलला, सुरू झाला,
ओल्या वाळ्याचा पहिला झोत तोंडावर आला
आणि माझे पाय गार पडले, खरंच,
घोट्यापर्यंत.

खडी परत खिशात ठेवली.
भोजराजचा मेसेज आला : किती?
मी लिहिलं, शेहेचाळीस. तुझ्याकडे?
अकरा, म्हणतो. लोकं उघडे बसलेत बागेत.

कोट खुंटीला लावलाय, कूलरच्या झोतात,
बाह्या हलतात थोड्या.
बायको म्हणते, ऊन लागलं याला,
कांदा ठेवा खिशात.