नमुना क्रमांक एकोणचाळीस

प्रश्नावली विद्यापीठातून आली कानडीत,
मी तिचं मराठी केलं निपाणीच्या लॉजवर, पंख्याखाली,
आणि दस्तगीर मुल्लाणी
आत दखनीत विचारून येतात, मला मराठीत सांगतात.
'पुरवठा साखळी'पाशी तिन्ही भाषा अडल्या.
त्यांनीच सोडवलं :
"म्हंजे बकरं कुटनं येतंय, त्येच की."

अडतीस जण झाले होते तोवर.
चिक्कोडीचा कोल्ड स्टोरेजवाला,
संकेश्वरची दोन बिर्याणी हाउसं,
आणि गोकाकचा तो करदंटवाला, गळ्यात लिंग,
सात पिढ्यांत अंड्याला न शिवलेला,
त्याच्या भिंतीवर हलालचं प्रमाणपत्र, लॅमिनेशन केलेलं,
बसवण्णांच्या तसबिरीखाली.
"दुबईचं गिऱ्हाईक म्हणतंय, डिंकाचा कागद दाखव.
डिंकाला कसला धर्म हो, मॅडम?
पण कंटेनर अडतोय."
शब्दशः उतरवलं. प्रकरण तीन.

प्रश्न सात : आपल्याकडे कोणते प्रमाणपत्र आहे?
मुल्लाणी उठले, आत गेले,
आले ते सुरी घेऊन;
निम्मं पातं सहाणेनं खाल्लेलं.
लक्ष्मीच्या यात्रेत गावाचं पहिलं बकरं या पात्याखाली,
पाटलांचं, मग धनगरांचं, मग ज्याचं त्याचं.
आधी पाणी पाजायचं.
एकाचं दुसऱ्याला दिसू द्यायचं नाही.
मुंडी मुल्लाण्याची, हा मान.
मी 'लागू नाही'वर खूण केली.

धाकटा इमामहुसेन हद्दीपलीकडे जातो,
कागलकडच्या कोंबड्यांच्या कारखान्यात.
उभं राहून म्हणायचं, हे त्याचं काम.
साखळीला उलटी टांगून येते ती,
तिच्यासाठी चार सेकंद,
बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर, पातं,
बिस्मिल्ला.
पाळीला सहा हजार.
खिशात ज्येष्ठमधाची काडी.
घरी आला की भात वाढ म्हणायलाही
बोट दाखवतो.
कंपनी विचारते आहे, टेप लावली तर चालेल का.
त्यावर शोधनिबंध आहेत, मी वाचलेत,
दोन्ही बाजूंचे.
घशाबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही.

प्रश्न एकवीस :
ग्राहकाचा विश्वास प्रमाणपत्रावर अवलंबून असतो.
पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ...
"मधलं लिवा," म्हणाले, "मुल्लान्याचं घर
गावाच्या मधीच असतंय."

चहा आला. फॉर्म मिटला.
"नाव येनार का माजं पुस्तकात?"
नाही काका, गोपनीयता असते,
तुम्ही नमुना एकोणचाळीस.
"हे आधी सांगाय पायजे हुतं," म्हणाले.
"मग खरं सांगितलं असतं."

मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"बायको बेळगावला दवाखान्यात हुती. ध्यान तिकडं.
पातं फिरलं, आनि म्हनायचं ऱ्हायलं.
गाव जेवलं. वर म्हनालं, औंदा रस्सा झ्याक झालाय."
मौलवींना विचारलंत?
"इचारलं की. म्हनले, विसरलं तर माफ असतंय."
मग?
"मग काय.
माफ त्यानं केलं. जेवलं हुतं गाव."

यात्रा पाच वर्षांनी.
तीन यात्रा त्यांनी मुंडी घेतली नाही.
लोकांना वाटलं, मुल्लाणी पैसेवाला झाला.

रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं, पेन्सिलीनं,
बारीक, आडवं, पान फिरवून.
बेळगावात तक्ते तपासताना
हिरेगौडर मॅडमचं बोट नेमकं तिथं थांबलं.
"इदेन?"
खोडरबर माझ्याच बाजूला होता.
गोकाकच्या पुड्यातला तुकडा नुकताच तोंडात टाकलेला,
डिंकानं दात धरून ठेवलेले.
मी बोट वर केलं,
थांबा म्हणून,
आणि चघळत राहिले.