काटा शून्यावर

रात्री पावणेबाराला त्यानं विचारलं होतं:
त्रेचाळीस पॅकेजं आता गरजेची नाहीत. काढू?
मी जांभई देत हो म्हणालो.

सकाळी वसमतच्या काट्यावर
हळदीच्या अकरा गाड्या, रांग पार पेट्रोल पंपापर्यंत.
नवी सिस्टीम झकास उठली.
निळा डोंगर, गोल कोपरे, वर तारीख.
इंडिकेटरवर लाल आकडे: चौदा हजार तीनशे वीस.
कॉम्प्युटरवर: शून्य.
गाडी उतरली, शून्य. दुसरी चढली, शून्य.
रुख्माजी सूर्यतळे चष्म्यावरून बघत म्हणाले,
"कामून हो, आज समदे रिकामेच आलेत का?"

मी म्हणालो, जुन्याची मुदत संपली होती, काका.
"मुदत तर मपलीबी संपली की.
मला कोण बदलायलंय?"

हातानं पावत्या फाडायला लागले ते.
त्या कागदाला कुणी हात लावीना.
मी खिडकीतून सांगितलं, जरा थांबा,
ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे.
तर पहिल्या ट्रकवाला खाली उतरून आला,
"माझा काय प्रॉब्लेम?"

मग काळी खिडकी उघडली,
नोंदी वाचत गेलो खालून वर.
केबल जोडली. ओळख पटली. नाव दिलं.
आणि त्याच सेकंदाला: तुटली.
तीनदा उपटून लावली, तीनदा तेच.
मधे कुणीतरी होतं
जे आपला पाहुणा परस्पर वेशीवरूनच
स्वतःच्या घरी नेत होतं.

सापडलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.
ब्रेलचं पॅकेज.
नव्या सिस्टीमबरोबर आलेलं, आपणहून जागं राहणारं.
आमच्या दीडशे रुपयांच्या केबलचा नंबर
आणि ठिपके उठवणाऱ्या कुठल्याशा यंत्राचा नंबर
एकच निघाला.
म्हणजे सकाळपासून ते बिचारं
वायरीच्या दुसऱ्या टोकाला
कुणाची तरी बोटं असतील म्हणून धरून बसलं होतं.
टोकाला होता ट्रक, ताडपत्रीखाली हळद.

एका ओळीत काढून टाकता येतं ते.
सगळे तेच करतात.
ओळ लिहून झाली, एंटरवर बोटही गेलं.

प्रयागताई, माझी मावसबहीण,
नांदेडला वीज मंडळाच्या ऑफिसात फोन घेते.
माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवरून हात फिरवून
एकदा म्हणाली होती,
"हे तर निव्वळ ताट आहे रे. वाढलेलं कुठंय?"
ती कशाला येईल वसमतच्या काट्यावर वजनं वाचायला,
हे मलाही कळतं.
पण रात्री एकदा न बघता हो म्हणून झालं होतं.

ओळ खोडली.
नियमांची फाईल उघडली, तो एकच नंबर शोधला,
त्याच्या अलीकडं एक खूण टाकली:
ही केबल तुझी नाही. बाकीच्या तुझ्या.
वीस मिनिटं जास्तीची गेली.
बाहेर हॉर्न. रुख्माजींनी दोन चहा मागवले
आणि एक माझ्या खात्यावर लिहायला सांगितला.

शून्य हललं.
शून्य, चारशे, नऊ हजार,
मग बारा हजार आठशे दहावर येऊन
श्वास धरल्यासारखं थांबलं.

प्रिंटर अजून मुकाच.
तो रात्रीच्या त्रेचाळीसांतला.
मोबाईलच्या नेटवर, एका दांडीच्या रेंजवर
त्याला परत बोलावलं, फोन पत्र्याच्या बाहेर धरून.
आला. करकरला. जुना आवाज, तसाच.
पावतीवर वजन बरोबर, तारीख बरोबर,
आणि मालाच्या रकान्यात, जिथं हळद हवं,
तिथं तीन प्रश्नचिन्हं.

ट्रकवाल्यानं पावती उलटी केली, सुलटी केली.
"वजन बरोबर आहे ना?"
आहे.
"मग राहू द्या. माल काय आहे
ते वासानं कळतंच की मोंढ्यात."

रुख्माजी म्हणाले, आता हात लावू नको कशाला.
मी म्हणालो, फक्त फॉन्टचं राहिलंय, उद्या येतो.