डबी नंबर एकशे चौदा

जानेवारीत पुण्याला हुडहुडी भरते
आणि आमच्या वॉर्डाचं पोट सुटतं.
हे मला रजिस्टरात लिहिता येत नाही.
तिथे रकाने आहेत: वय, वजन, किती वेळा,
टाळू खोल गेली का,
पोटाची कातडी चिमटीतून सोडल्यावर परत बसते का,
रडताना डोळ्यांत पाणी येतं का.

सकाळी सातला संगम पुलाखाली नुसतं धुकं.
मी स्कूटर लावतो, हातमोजे चढवतो.
द्रौपदामावशी डब्यांचा ट्रे आणून ठेवते,
नाकाला पदर न लावता.
वास यायचा कधी थांबला ते तिलाही आठवत नाही.

डबीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर बॉलपेनने नाव.
जैनब, आठ महिने, ताडीवाला रोड.
पर्व, अकरा महिने, बावधन
(घरात फिल्टरचंच पाणी, असं आईने दोनदा सांगितलं).
मल्लू, मुंढव्याची साइट, वय विचारलं तर
"स्लॅब पडला त्याच्या आदल्या महिन्यात झाला."
तिघं माझ्या फ्रिजात एकाच फळीवर.

प्लेटला शहाण्णव खड्डे.
एकेका खड्ड्यात एकेकाचा थेंब,
मग धुवायचं, थांबायचं, पुन्हा धुवायचं.
शेवटचं द्रावण पडलं की
निळ्याचं पिवळं होतं,
ज्यांचं व्हायचं त्यांचं.
या आठवड्यात बावीस डब्या. नऊ पिवळ्या.
मागच्या आठवड्यात एकोणीस. आठ.
मॅडम म्हणाल्या, आकडे सुंदर जुळतायत,
आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

भिंतीवर त्याचा मोठा केलेला फोटो आहे:
गोल, कडेने आरे, चाकच.
मावशीने एकदा निरखून पाहिला.
"ह्योच का त्यो? बरा रांगोळीवानी दिसतोय की."

बाहेरच्या बाकावर आया
आपापला गुन्हा शोधत बसलेल्या असतात.
दात येत असतील.
परवा पेरू दिला होता चाटायला.
सासू म्हणते, तुझं दूधच बाधलं.
खिडकी उघडून सांगावंसं वाटतं:
बायांनो, ही पंगत सगळ्यांनाच वाढलेली आहे,
कुणाचं पोर मीठ-साखर-पाण्यावर उठतं,
कुणाच्या पोराची शीरच सापडत नाही,
पेरूचा काही दोष नाही.
पण माझी खिडकी फक्त डब्या घ्यायला उघडते.

मग एकशे चौदा.
सिद्राम, दोन वर्षं, खाट नंबर सात.
तो आमचा नव्हताच.
जिन्यावरून पडला, मांडी मोडली,
कमरेपर्यंत प्लास्टर. पोट ठणठणीत.
नवव्या दिवशी प्लास्टर ओलं झालं.
डबी आली, थेंब पडला,
खड्डा पिवळा.

घरून आणला नाही त्याने. इथून घेतला.
सिस्टर लोबो खाटेचे दांडे तपासत फिरली,
थर्मामीटर, चमचे, आमचे सगळ्यांचे हात.
आणि तिला सापडली
खाटेखाटेवरून फिरणारी लाल जीप,
एक चाक नसलेली,
सगळ्यांनी चोखून टपाचा रंग उडवलेली.

ती जीप मीच आणली होती.
माझ्या पोरीची जुनी.
पडून राहण्यापेक्षा कुणीतरी खेळेल म्हणून.

सिस्टर काही बोलली नाही.
ब्लीचच्या बादलीत जीप बुडवली,
वर येऊ नये म्हणून तिच्यावर मग ठेवला.
मी बेसिनपाशी हात धूत राहिलो,
मावशीने नळ बंद करेपर्यंत.

दोन रात्री सिद्राम रडला कोरडाच,
तोंड उघडं, आवाज चिरका, गाल सुके.
सलाईनचा थेंब मोजत त्याची आई बसली होती,
शिकलेली नाही, पण मोजणं चुकलं नाही.

आज सकाळी तो जीप मागत होता.
नाही म्हटल्यावर त्याने भोकाड पसरलं
आणि सिस्टर लोबो धावत माझ्या खिडकीशी आली,
चपला हातात, धाप लागलेली:
"पाणी आलं. डोळ्यांत."

तो रकाना भरणं माझं काम नाही.
तरी मी तिच्याकडून पेन घेतलं.