उजव्या बरगडीखाली

दुखणं रात्री यायचं.
शेवटची गाडी परळी स्टेशनातून हलली की
उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ वळायचं
आणि ती मूठ आतून फिरत
पाठीच्या पात्याशी जाऊन थांबायची.
मी खाटेवर उकिडवी.
मांडीवर ईश्वरी, तोंडात दूध.
तिचं पिणं तुटू नये म्हणून
ओरडायचं तेवढं दातांत.

आत्याबाई म्हणाल्या, वारं शिरलंय.
चाळीस दिवस पोट बांधलं नाहीस, ऐकती कुठं.
त्यांनी स्वतःचं जुनं इरकल काढलं,
माझ्या कमरेला गुडघा लावून आवळलं.
ओवा, बाळंतशेपा, बेंबीत हिंग.
हे म्हणाले, टाक्यांचं असंल.
टाके खाली आहेत, म्हटलं, दुखतंय वर.
मग गॅस, म्हणाले, आणि थर्मलच्या पहिल्या शिफ्टला गेले.

आईनं डिंकाचे लाडू धाडले, डबाभर,
तूप बोटांना लागेल असे.
खा, अंगात भरेल.
मी खायची.
रात्री मूठ यायची.

दोरीवर लंगोट वाळायचे,
राखेचा बारीक थर बसायचा त्यांवर,
झटकायला हात वर केला की कळ.
एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही मी:
मला वाटायचं, आत अजून कुणीतरी राहिलंय.
मोजायला चुकले असतील.

तिसऱ्या डोसला नजमा सिस्टरनी
ईश्वरीच्या मांडीत सुई टोचली. ती रडली,
तिला उचलायला मी वाकले ती तशीच राहिले.
सिस्टरनी पोरीकडं नाही, माझ्याकडं बघितलं.
"कधीपासून दुखायलंय?"
मला बोलता येईना.
साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी
बाळाचं वजन सोडून काही विचारलं होतं.
"तुपातलं, तळलेलं खाल्लं की? पाठीत जातं? उलटी?"
हो. हो. हो.
जशी काही ती रोज रात्री
माझ्या खाटेखाली बसून होती.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात भिंतीवर तीच पाटी,
इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही.
तोच गारढोण लेप, तोच काळा-करडा पडदा
ज्यावर वर्षाखाली एक हात हललेला मी बघितला होता,
आणि बाहेर आल्यावर आत्याबाईंनी विचारलं होतं,
काय म्हणाले?
काही म्हणत नाहीत ते.

आज डॉक्टर खुशाल बोलले.
"तीन आहेत. एक हरभऱ्याएवढा, दोन बारके."
मला हसू आलं. हसल्यावर दुखलं.
त्यांना वाटलं हिला समजलं नाही.
"बाई, खडे आहेत. पित्ताशयात.
बाळंतपणानंतर होतात कुणाकुणाला."
मी मान हलवली.
म्हणजे होतंच कुणीतरी.

बाहेर बाकावर आत्याबाई, मांडीवर पोर.
"काय म्हणाले?"
"तीन."
त्यांनी पदर तोंडाला लावला,
मग खडे म्हटल्यावर सोडला.

परतीच्या एसटीत, घाटाच्या वळणावर,
खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,
"मला बी दुखायचं. ह्याच्या वेळंला. हितं."
आणि हात नेमका तिथंच ठेवला.
"किती दिवस?"
त्यांनी बोटं मोजायला घेतली.
दुसऱ्या पेरावर थांबल्या,
पोरीचं टोपरं सारखं केलं,
कन्हेरवाडी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात.
तोवर उकडलेलं, फिकं.
कधी मूठ येतेच अजून. तेव्हा अंधारात
आत्याबाई उठतात, काही न विचारता पोरीला घेतात.
इरकल घडी घालून पेटीत गेलंय.

आईचा फोन येतो.
लाडू संपले का गं?
संपले, म्हणते मी.
अजून करू?