बत्तीस सेकंद

लिएपायाच्या बंदरावरून वारा सुटतो
आणि डोळ्यांच्या दवाखान्यातला फोन तुटतो.
वाऱ्याचा काही संबंध नाही, मी स्कायद्रीतेला सांगते.
ती मान हलवते, आणि खिडकी लावून घेते.

बाहेरून आलेला प्रत्येक फोन
बत्तिसाव्या सेकंदाला मरतो.
एकतीस नाही, तेहतीस नाही.
आमची ट्रामसुद्धा इतकी वक्तशीर नाही.

मी लॅपटॉप जोडते, खाली ऐकत बसते
माणसांचं नाही, यंत्रांचं बोलणं.
रीगाहून हाक येते : उचलता?
आमचं यंत्र म्हणतं : उचलला.
यावर रीगानं म्हणायचं असतं : कळलं.
तेवढंच येत नाही.

वर माणसं बोलायला लागलेली असतात.
खाली आमचं यंत्र पुन्हा म्हणतं, उचलला.
अर्ध्या सेकंदानं. मग एका. मग दोन.
मग दर चार सेकंदांनी उचलला, उचलला,
शाळेतून आलेल्या पोरानं बंद दारापाशी
आई, आई करत राहावं तसं,
आणि बत्तिसाव्याला हिरमुसून
स्वतःच ठेवून देतं.

गुंदार्स, कंपनीचा इंजिनियर, लिहितो :
आमच्याकडून सगळं जातंय.
मी लिहिते : माझ्याकडे काहीच येत नाही.
फायरवॉल बघा.
बघितली.
पुन्हा बघा.
अकरा दिवस. तक्रार दोनदा 'निकाली',
दोनदा मी ती उकरून काढली.
कानांवर हात ठेवायचे महिना चाळीस युरो घेतात,
मी म्हणाले. स्कायद्रीते हसली नाही.
तिला दिवसभर अर्धीच वाक्यं ऐकायची असतात :
"सकाळपासून उजव्या डोळ्यात काळे ठिपके..."

पाविलोस्ताच्या मिर्द्झाबाई तेवढ्या शिकल्या.
वय चौऱ्याऐंशी. नवरा मासेमारीच्या बोटीवर होता.
"मिर्द्झा बोलतेय थेंब संपले डावा बरा उजवा तसाच
मंगळवारी भाचा येईल न्यायला देव तुमचं भलं करो."
एकोणतीस सेकंद.
उरलेले तीन
त्या नुसता श्वास घेतात.

बाराव्या दिवशी गुंदार्सनं नोंद पाठवली.
होतं त्यात 'कळलं'.
अकरा वाजून चार मिनिटं सात सेकंद, रवाना.
कुठे?
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, चाळीस.
मी दोनदा वाचलं.
कोटांच्या खुंट्यांखालच्या कपाटात
जे यंत्र घरघरतंय, त्याचा हा घरातला पत्ता.
पाकिटावर 'माजघर, डावीकडे' एवढंच लिहून
पेटीत टाकावं, तसा.
आणि अक्षर माझंच. सहा वर्षांपूर्वीचं.

फोन केला. मोबाइलवरून.
सहा वर्षं तुम्ही समजून घेत होता, मी म्हणाले.
"ते जुनं यंत्र घ्यायचं. पाकीट कुठून आलं ते बघायचं,
पत्ता मनानं दुरुस्त करायचं.
गेल्या महिन्यात काढलं ते.
नवं सांगितलं तेवढंच करतं. नियम तसाच आहे."
नियम तसाच आहे, हे मलाही ठाऊक होतं.
न सांगता काढलंत.
तो जरा थांबला. "हो. ते चुकलं."
कागदावर मात्र आलं :
दोष ग्राहकाकडे, ग्राहकाने दुरुस्त केला.
मी रागानं दीड पान लिहिलं, पुसलं,
आणि पाठवला एकच शब्द :
कळलं.

दुसऱ्या दिवशी मिर्द्झाबाईंचा फोन.
एकोणतिसाव्या सेकंदाला देव भलं करून मोकळ्या.
स्कायद्रीते म्हणाली, आजी, दुरुस्त झालाय,
आता बोला सावकाश.
तेहतीस.
चाळीस.
"पण मी सगळं सांगितलं की," त्या म्हणाल्या.
पलीकडे काहीतरी खडखडलं, पत्रा असावा.
"तुमच्याकडेही आहे का गं वारा?"
आहे, स्कायद्रीते म्हणाली. मोठा आहे.

पडद्यावर एक मिनिट बारा.
मला तार काढून निघायचं होतं.